बेट आणि बेट्टा

मार्च उजाडला की आमच्या बेंगळूरच्या जे. पी. नगरमधल्या बिल्डिंगमध्ये पुटपुट सुरू होते. जिन्यात, गच्चीवर, पार्किंगमध्ये पोरं पुस्तकं छातीशी धरून फिरतात. परवा तिसऱ्या मजल्यावरची अनन्या, बेळगावकडची गोड पोरगी, लिफ्टमध्ये डोळे मिटून घोकत होती, "दख्खनचं पठार, दख्खनचं पठार..." मला पाहून म्हणाली, "आजी, पठार म्हणजे एक्झॅक्टली काय हो?" मी म्हटलं, "तू उभी आहेस ना, तेच." तिनं पायाखाली पाहिलं. तिथं लिफ्टची फरशी होती. बिचारीचा काय दोष? या गावात आता जमीन दिसते कुठं?

बाहेर आले तर होंगेची फुलं पडलेली. करंजाला आम्ही होंगेच म्हणतो, जन्मापासून. चुरमुरे सांडावेत तशी ती रस्त्यावर सांडतात. त्या वासानं मी जी निघाले ती थेट बसवनगुडीच्या आमच्या घराच्या अंगणात जाऊन पोचले. साठ सालच्या आसपासचा तो उन्हाळा. त्या उन्हाळ्यात आमच्या अंगणात अख्खा हिंदुस्थान वाळत पडला होता. थट्टा नाही करत, खरंच वाळत पडला होता.

झालं होतं असं, की माझी थोरली बहीण शकूअक्का शिक्षिकेच्या ट्रेनिंगला होती. वर्षाच्या शेवटी परीक्षकासमोर एक पाठ द्यायचा, भूगोलाचा, आणि तोही कन्नडमधून. पाठ जमला तर सरकारी शाळेत नोकरी. नाही जमला तर तंजावर. तंजावर म्हणजे तिथलं एक स्थळ. आमच्यासारखंच तीनशे वर्षांपूर्वी दक्षिणेत आलेलं मराठी घराणं, मुलगा बरा, फोटोत दोन पेनं खिशाला लावलेला. वैशाखात लग्न उरकायचं, असं अण्णांच्या मनात होतं. अण्णा म्हणजे आमचे वडील. कचेरीत कारकून, घरात कलेक्टर. आमच्या घरात मुलींची लग्नं ठरत, मुलींना कळवली जात. अक्काच्या ट्रेनिंगला त्यांनी हो म्हटलं होतं तेच नवल. आणि आता वाऱ्यानं दार लोटावं तसं ते हो हळूहळू बंद होत होतं.

"अगं, नदी कधी माहेरी राहते का?" अण्णा म्हणायचे. "उगम एकीकडं, नांदणं एकीकडं. मुलीचंही तसंच."

"पर्वत राहतो की, अण्णा," अक्का म्हणायची. तिच्या तोंडाला लागण्यात अर्थ नव्हता.

तर पाठासाठी तिला उठावाचा नकाशा करायचा होता, डोंगर वर आलेले, नद्या खाली गेलेल्या. ट्रेनिंगच्या इतर मुली चिकणमाती वापरत. पण माती वाळली की तडकते, शाळेत नेईपर्यंत हिमालय भंगतो. आईनं यावर तोडगा काढला. आमच्याकडं बायका रद्दी कागद भिजवून, त्यात मेथ्या वाटून घालून, लगदा करून टोपल्या करत. मेथीनं लगदा चिकट होतो आणि त्याला कीड लागत नाही. "टोपली होते तर देश का नाही होणार?" आई म्हणाली. झालं! घागरभर कागद भिजले. उखळात कुटता कुटता माझे दंड भरून आले. दाराच्या जुन्या फळीवर अक्कानं खडूनं कडा आखल्या, आणि आम्ही तिघी मेथीच्या वासाचा हिंदुस्थान थापायला बसलो.

हातानं देश थापणं काय असतं, ते तुम्हाला सांगून कळायचं नाही. पुस्तकात "पश्चिम घाट" या दोन शब्दांवरून डोळा सर्रकन पुढं जातो. इथं तो बोटांनी चिमटून चिमटून उभा करावा लागतो. समुद्राकडून कडा सरळ, भिंतीसारखा. आणि आपल्या बाजूनं उतार इतका सावकाश, की पूर्वेकडं चालत गेलेल्या माणसाला आपण उतरतोय हे कळूच नये. मी गंगेचं मैदान तळहातानं सपाट करत होते आणि सपाट करता करता हात पुरेना. "अजून? अजून?" मी विचारायची, आणि अक्का म्हणायची, "अजून. बिहार संपलं की बंगाल आहे." एवढी जमीन आहे आपल्याकडं? मी तोपर्यंत मैसूर सोडून पलीकडं गेले नव्हते. मला तर घाबरल्यासारखंच झालं.

मग कावेरी आली. अक्कानं मला तिचा उगम दाखवला, पश्चिमेच्या काठावर, अगदी घाटमाथ्याला. "इथून अरबी समुद्र हाकेच्या अंतरावर आहे बघ. पण ही बाई त्याच्याकडं पाठ करते आणि अख्खी दक्षिण ओलांडून पलीकडच्या समुद्राला जाते." मी विचारलं, "का गं? वेडी आहे का?" अक्कानं पेन्सिलीचं टोक ओल्या लगद्यातून ओढलं. तंजावरपाशी तिचे फाटे फोडले. मग म्हणाली, "सगळं पठारच तिकडं कललंय, सुमे. ती काय करणार?"

एक गोष्ट तिनं सांगितली ती मी अजून विसरले नाही. आमच्या फळीवरचा हिमालय चांगला वीतभर उंच होता. त्याच्याकडं बघत अक्का हसली. म्हणाली, "हे खोटं आहे हं. फळीच्या हिशेबानं खरा हिमालय करायचा, तर तांदळाचा दाणा उभा केला तेवढाच." आणि बेंगळूरची उंची? तिनं कपाटातून एक लग्नपत्रिका आणली, तिची कड मला दाखवली आणि म्हणाली, "एवढी." मी त्या कडेवरून बोट फिरवलं. म्हणजे आपले ढग, गावाबाहेरच्या नंदी डोंगराचं शिखर, अण्णांची कचेरी, हे सगळं त्या कागदाच्या जाडीवर! माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. माणूस लहान आहे असं कीर्तनात पुष्कळ ऐकलं होतं. पण कीर्तनात ते पटायचं नाही, घरी आल्यावर जेवायला काय आहे तेच आठवायचं. त्या दिवशी मात्र मला जेवण गेलं नाही. आईनं कपाळाला हात लावून पाहिला.

अण्णा रोज संध्याकाळी त्या फळीला वळसा घालून आत जायचे. एकदा थांबले. "हे समुद्रसपाटी, समुद्रसपाटी काय घोकतेस गं? आपल्याला काय करायचाय समुद्र? आपल्या सात पिढ्यांत कुणी पाहिला नाही."

"अण्णा," अक्का म्हणाली, "आपली उंची तिथूनच मोजतात."

अण्णा "हूं" म्हणाले आणि पाय धुवायला गेले.

अभ्यासाला आम्ही लालबागेतल्या खडकावर जात असू. संध्याकाळी तो खडक पाठीला ऊबदार लागायचा. अक्का मोठ्यानं पाठ म्हणायची, मी कन्नड तपासायची. माझं कन्नड तिच्यापेक्षा बरं, कारण मी गल्लीत खेळून वाढले आणि ती पुस्तकं वाचून. ती एकदा खडकावर हात ठेवून म्हणाली, "हा हिमालयापेक्षा म्हातारा आहे, ठाऊक आहे? हा इथं होता तेव्हा हिमालय नव्हताच. तिथं समुद्र होता. हिमालय याच्यापुढं कालचं पोर." शेंगदाणेवाला आमच्या पलीकडं बसून पुड्या बांधत होता. एक बाई त्याच खडकावर पोराला झापत होती. एवढ्या म्हाताऱ्याच्या अंगावर आपण शेंगांची टरफलं टाकतोय, म्हणून मी ती गपचूप गोळा करून ओच्यात घेतली.

आता शब्दांची गंमत सांगते, कारण सगळं घोडं तिथंच अडलं. आम्ही घरात मराठी बोलायचो, पण कसली मराठी! "स्वल्प ताक वाढ गं" म्हणणारी. पुण्याचे पाहुणे आले की पदराआड हसायचे. आम्हाला कुठला शब्द कुठल्या भाषेतला, याचा पत्ताच नसे. कन्नडमध्ये मळे म्हणजे पाऊस. मी लहानपणी मराठी धड्यातल्या "हिरवेगार मळे"ना हिरवा पाऊस समजत असे. आणि बेट! मराठीत बेट म्हणजे पाण्यातली जमीन. कन्नडमध्ये बेट्टा म्हणजे डोंगर. मी सहा वर्षांची असताना अण्णा सगळ्यांना नंदीबेट्टाला नेणार होते, तेव्हा मी रात्रभर होडीची वाट बघत जागी राहिले. बेटावर जायचं तर होडी नको? सकाळी मोटार आली तर मी भोकाड पसरलं. अण्णा हसून हसून बेजार झाले. वर पोचलो तेव्हा नुकतं उजाडत होतं. खाली बघते तर गाव नाही, झाडं नाहीत, रस्ता नाही. पांढरं शुभ्र धुकं, क्षितिजापर्यंत, आणि त्यातून दूरवर एकेका टेकडीचं नुसतं डोकं वर आलेलं. मी ओरडले, "बघा! मी म्हटलं नव्हतं? बेटच आहे!" त्यावर मात्र कुणी हसलं नाही.

पाठाचा दिवस आला. पाठ आमच्याच शाळेत होता, माझ्याच वर्गावर. चार जणांनी ती फळी वाजतगाजत आणावी तशी आणली. खोलीभर मेथीचा वास सुटला. मागच्या बाकावर परीक्षक बसले, जरीच्या फेट्याचे, वयस्कर, चेहऱ्यावरची माशी हलू न देणारे. अक्का मात्र काय बोलली हो त्या दिवशी! छडी घेऊन हिमालयावरून उतरली, गंगेबरोबर गेली, विंध्य ओलांडला, पठारावर आली. मुली तोंडं उघडी टाकून ऐकत होत्या. आता फक्त बेटं राहिली होती. ती आम्ही चिंचोके चिकटवून केली होती. अक्कानं बंगालच्या उपसागरातल्या चिंचोक्यांवर छडी ठेवली आणि ठणठणीत आवाजात म्हणाली, "समुद्रदल्लि अनेक बेट्टगळिवे!"

समुद्रात पुष्कळ डोंगर आहेत! कन्नडमध्ये बेटाला द्वीप म्हणतात. आमची अक्का घसरली मराठीत. मला ऐकताक्षणी कळलं, आणि मी डोळे मिटून घेतले. वर्गात आधी एक खुसखुस झाली, मग सगळा वर्ग हसायला लागला. परीक्षकांनी मान वर केली. "बेट्टनो, द्वीपनो?" डोंगर की बेट? "नीट सांगा, अम्मा."

अक्काचा चेहरा पांढरा पडला. छडी तशीच चिंचोक्यावर. संपलं, तंजावर, असं मी मनात म्हटलं. तिनं त्या चिंचोक्याकडं पाहिलं, आणि बघतच राहिली. मग वर्गाकडं वळली. "नंदीबेट्टाला पहाटे कोण कोण गेलंय?" तिनं कन्नडमध्ये विचारलं. सात-आठ हात वर झाले. मीही केला. "खाली काय दिसलं?"

"मंजु!" मुली ओरडल्या. धुकं.

"आणि धुक्यात?"

"बेट्टा! नुसती डोकी!"

"मग हसता कशाला?" अक्का म्हणाली. "ते धुकं उन्हानं जातं. इथलं पाणी जात नाही, एवढाच फरक. ब्रह्मदेशातून एक डोंगररांग समुद्रात उतरते आणि पाण्याखालून दक्षिणेकडं चालत राहते. खूप लांब. तिची जी डोकी पाण्यावर येतात, त्यांना आपण अंदमान म्हणतो. ही द्वीपं आहेत, आणि हे बेट्टेच आहेत. समुद्र ओसरला तर आपण त्यांच्या पायथ्याशी उभं राहून माना वर करून बघू."

मी त्या चिंचोक्यांकडं पाहिलं आणि मला त्यांच्याखाली काळोख्या पाण्यात बुडालेले कडे दिसले, खिंडी दिसल्या, जिथं कुणी कधी पाऊल टाकलं नाही अशा दऱ्या दिसल्या. आम्ही फळीवर समुद्र म्हणून नुसता निळा रंग फासला होता! परीक्षकांनीही पुढं वाकून त्या निळ्या रंगाकडं पाहिलं. मग अक्काला एकच प्रश्न विचारला. "समुद्र पाहिलाय का, अम्मा?"

"नाही, सर."

"पाहा एकदा," ते म्हणाले, आणि टोपण लावून पेन खिशात ठेवलं.

घरी येताना मी तिला विचारलं, "अक्का, मुद्दाम म्हणालीस?" ती म्हणाली, "छे गं! तोंडातून सुटलं. मग वाटलं, सुटलंय तर सुटू दे." बेट आणि बेट्टा हे मुळात एकच आहेत की काय, ते पंडितांना विचारा. मला एवढं ठाऊक आहे की त्या दिवसापासून मला पाण्याखालचं दिसायला लागलं. आजही नकाशात निळा रंग पाहिला की त्याच्या खालीही देश असणार, डोंगर असणार, असं मनात येतं आणि छाती दडपते.

अक्का पास झाली. आईनं गोड केलं. पण नोकरीचा हुकूम आला तो कुठला? आगुंब्याकडच्या एका खेड्याचा, घाटाच्या अगदी कडेला, जिथं पाऊस महिनोन्‌महिने थांबत नाही. अण्णांनी कागद दोनदा वाचला. "एकटी मुलगी? त्या रानात? शक्य नाही." तंजावरचे लोक उत्तराला खोळंबले होते. आई म्हणाली, "निदान जागा तरी बघून या. न बघता नाही म्हणायचं, म्हणजे पोरीला जन्मभर बोच." अण्णांनी कधी नव्हे ते आईचं ऐकलं. नाही म्हणण्यासाठी का होईना, निघाले. शेंडेफळ म्हणून मलाही घेतलं.

शिवमोग्याच्या पुढं बस रानात शिरली तशी अक्काची बडबड बंद झाली. झाडं इतकी उंच, की बसच्या खिडकीतून शेंडा दिसेना. शाळा म्हणजे कौलारू दोन खोल्या. शेजारच्या घरच्या बाईनं आम्हाला पानं मांडून जेवू घातलं आणि अण्णांना बजावलं, "तुमची मुलगी माझ्या घरात राहील. मागची खोली मोकळीच आहे." अण्णा नुसते "बघू" म्हणाले. आदल्या दिवशी वळीव पडून हवा धुतल्यासारखी झाली होती. संध्याकाळी त्या बाई म्हणाल्या, "आलाच आहात तर कडा बघून या."

रस्ता रानातून गेला आणि एकाएकी पुढं जमीनच नव्हती. माझं पाऊल जागीच थबकलं. ज्या पठारावर मी जन्मले, लोळले, चालले, ते तिथं संपत होतं, पायाच्या अंगठ्यापुढं. खाली रानाच्या माथ्यावर माथे, इतक्या खोल की पाखरं आमच्या पायाखालून उडत होती. त्यापलीकडं भाताच्या खाचरांचे तुकडे, नारळीची काळी रेघ, आणि सगळ्याच्या शेवटी, आभाळाच्या बुडाशी, एक लखलखती पट्टी. सूर्य तिच्याकडंच चालला होता.

"ते काय गं?" अण्णांनी विचारलं. आवाज बारीक झाला होता त्यांचा.

"समुद्र, अण्णा."

अण्णांनी पायातल्या चपला काढल्या. का काढल्या, त्यांनाही ठाऊक नसावं. देवळात बसतात तसे ते खडकावर मांडी घालून बसले. मग म्हणाले, "आणि हे सगळं असं तुटलंय कशानं? कुणी तोडलं?" अक्का त्यांच्या शेजारी बसली आणि सांगू लागली. जमीन कशी खचली, कडा कसा मागं मागं सरत आला, पश्चिमेचा ढग या भिंतीला कसा अडतो आणि इथं सगळं ओझं उतरवतो, म्हणून आपल्या अंगणात येईपर्यंत त्याच्यापाशी थोडंच उरतं. अण्णा मध्ये मध्ये प्रश्न विचारत होते, वर्गातल्या पोरानं विचारावेत तसे. आपण माणसं केवढ्या उंचावर राहत होतो, हे पन्नाशीला आलेल्या त्या माणसाला त्या संध्याकाळी पहिल्यांदा कळत होतं, आणि ते त्याला स्वतःची मुलगी सांगत होती.

सूर्य त्या पट्टीला टेकला.

"शकू," अण्णा म्हणाले, "तंजावरला काय लिहू?"

आमच्या घरात मुलीला असं काही विचारलेलं मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. अक्कानंही ऐकलं नव्हतं. तिनं समुद्रावरची नजर काढली नाही. फक्त तिचा हात माझ्या हातावर आला.

"शाळा जूनमध्ये उघडते, अण्णा," ती म्हणाली. "मी इथं असेन, असं लिहा."

अण्णांनी मान हलवली. "सरी," ते म्हणाले. म्हणजे बरं. कचेरीत साहेबांना म्हणायचे, तसं.